जोडीनं फिरू, गाडी न करता

शेगावहून आम्ही बोलतोय. मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबवहीबद्दल बोललो होतो. आज त्याच वहीतल्या एका पानाची गोष्ट सांगतो. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगतोय, पण नावं घेणार नाही. गाव लहान आहे, तुम्हाला माहीतच आहे.

डिसेंबरच्या बैठकीत आमच्या एका काकूंनी कर्जाचा अर्ज ठेवला. रक्कम ३० हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं 'घरगुती'. आमच्यात घरगुती म्हटलं की विचारायची पद्धत आहे, म्हणून विचारलं. काकू जरा अडखळल्या. मग म्हणाल्या, "पोरीचं लगन झालं ना वं तुळशीच्या लग्नानंतर. आता जावई-लेकीले फिरायले पाठवाचं हाय. मुंबई, पुणं. गाडी करून द्या लागते म्हंतात."

द्या लागते, असं कोण म्हणतं? तर कोणीच तोंडानं म्हटलेलं नव्हतं. जावयाच्या दोन मित्रांची लग्नं त्याच हंगामात झाली होती आणि दोघंही भाड्याची गाडी करून महाबळेश्वरला जाऊन आले होते. फोटो सगळ्यांनी पाहिले होते. तेवढ्यावरून काकूंच्या मनानं घेतलं, की आपण गाडी दिली नाही तर लेकीला सासरी ऐकून घ्यावं लागेल.

आम्ही कागद घेतला आणि गाडीवाल्यानं सांगितलेला दर मांडला. किलोमीटरला १४ रुपये. गाडी फिरो न फिरो, रोजचे ३०० किलोमीटर धरणार. सहा दिवसांचे झाले १,८०० किलोमीटर, म्हणजे २५,२०० रुपये. ड्रायव्हरचा भत्ता रोजचा ५००, त्याचे ३,०००. झाले २८,२००. टोल आणि पार्किंग वेगळं. यात अजून कोणी कुठं राहिलं नाही, चहासुद्धा प्यालं नाही. आणि आमच्या गटाचं व्याज शेकडा महिना २ रुपये, म्हणजे ३० हजारावर पहिल्याच महिन्याला ६०० रुपये नुसतं व्याज. लग्नाचं देणं अजून डोक्यावर होतंच.

काकू गप्प बसल्या. गटात बारा जणी आहेत, पण त्या दिवशी कोणालाच पटकन 'नाही' म्हणवेना. लेकीच्या बाबतीत नाही म्हणणं अवघड असतं. आम्हालाही अवघड गेलं.

कोंडी फुटली ती वेगळ्याच वाटेनं. आमच्यातल्या एका ताईंची पुतणी लग्न होऊन अमेरिकेत गेली आहे. नवरा तिकडं कॉम्प्युटरच्या कामात. ताईंनी मोबाइल काढला आणि त्या जोडीचे फोटो दाखवले. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, असं आठ दिवस ते दोघं लग्नानंतर फिरले होते. फोटो कुठले, तर रेल्वेच्या डब्यातले, बसच्या खिडकीतले, जमिनीखालच्या स्टेशनातले. पुतणी पाठीवर बॅग अडकवून उभी, नवरा हातात तिकीट घेऊन. एक मावशी म्हणाल्या, "अमेरिकेत जाऊन बी रेल्वेतच? गाडी नाई भेटली का तिले?"

ताईंनी तिथूनच पुतणीला बोललेला निरोप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ती म्हणाली, की तिकडं बहुतेक गावांत गाडीवाचून पान हलत नाही. दूध आणायलासुद्धा गाडी लागते. पण न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टन, वॉशिंग्टन, सॅनफ्रान्सिस्को अशा काही मोठ्या शहरांत उलटं आहे. तिथं गाडी असली तर ती उभी कुठं करायची हीच कटकट. न्यूयॉर्क शहरात निम्म्याहून जास्त घरांकडे गाडीच नाही. तिथली जमिनीखालची रेल्वे १९०४ साली सुरू झाली, आणि ती रात्रभर चालते. दोघांकडेही तिकडचं लायसन नव्हतं. गाडी भाड्यानं मिळाली नाही म्हणून आधी तोंड पाडून बसले होते, मग नकाशा घेऊन निघाले.

हा निरोप काकूंनी जावयाला ऐकवला. जावई खामगावकडचा, एका कंपनीत कामाला, मुलगा सरळ आहे. तो म्हणाला, "मले गाडी कोणी मागितली? मी तं म्हंतो रेल्वेनं जाऊ." आता बोला. ज्याच्यासाठी ३० हजारांचं कर्ज काढायला निघालो होतो, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

गटानं ८ हजार मंजूर केले. काकूंनी वर थोडे घातले. लेक आमच्याकडे येऊन बसली आणि आम्ही तिच्याबरोबर फिरण्याचा आराखडा केला. तेव्हा कळलेली गोष्ट सांगतो, कारण तीच आम्हाला जास्त लागली. आम्ही तिला विचारलं, तू रेल्वेचं तिकीट कधी काढलं आहेस का? ती बारावी पास आहे. म्हणाली, नाही. अकोल्याला गेली ती बाबांबरोबर, नागपूरला गेली ती मामाबरोबर. तिकीट त्यांच्या खिशात. मग आम्ही गटातल्या बाराही जणींना तेच विचारलं. स्वतः खिडकीवर उभं राहून तिकीट काढलेल्या तिघी निघाल्या. शेगावच्या स्टेशनवर बाहेरगावची इतकी माणसं उतरतात, दर्शनाला जातात, परत जातात. आपण इथल्याच, आणि आपल्याला गाड्यांची नावं माहीत नाहीत.

म्हणून पहिलं काम हे केलं, की लेकीलाच स्टेशनवर पाठवलं. जावयाला सांगितलं, तू फक्त सोबत उभा राहा. फॉर्म तिनं भरला. गाडीचा नंबर, तारीख, कुठून कुठं, दोघांची नावं, वयं. पहिला फॉर्म चुकला, दुसरा बरोबर आला.

आपलं शेगाव मुंबई-नागपूर-हावडा या मुख्य लाइनवर आहे, हे आपलं नशीब. रात्री विदर्भ एक्सप्रेसनं बसलं की पहाटे कल्याण, आणि उजाडता उजाडता मुंबई. पुण्याहून परत यायला महाराष्ट्र एक्सप्रेस. ती कोल्हापूरहून निघते आणि पुणे, मनमाड, भुसावळ करत गोंदियाला जाते. रात्री पुण्याहून बसलं की सकाळी शेगाव. दोन्ही गाड्यांना स्लीपरचं भाडं माणशी साडेतीनशेच्या आसपास. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० झालं. आम्ही उशिरा जागे झालो, त्यामुळं जाताना दोघांना आरएसी मिळालं. म्हणजे एका बर्थवर दोघं बसून. काकूंना फार वाईट वाटलं. लेक नंतर हसत म्हणाली, "नवीन लगन झालेल्याले त्याच्यापेक्षा काय पायजे?" बरं, पुढं चला.

संक्रांत झाली. पहिली संक्रांत म्हणजे काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं झालं आणि मग निघाले. जायच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या एका वारकरी आजींनी लेकीला बोलावून घेतलं. या आजी महाराजांच्या पालखीबरोबर शेगावहून पंढरपूरला पायी जाऊन आलेल्या. त्या म्हणाल्या, "पोरी, गर्दीत चुकामूक होतेच. वारीतला एक नेम सांगतो. जो पुढं गेला त्यानं थांबाचं. जो मागं राह्यला त्यानं याचं. दोघंबी शोधाले निघाले तं दोघंबी हरवतीन." लेकीनं तो नेम नवऱ्यालाही सांगितला. त्याचं काय झालं ते पुढं येईलच.

मुक्काम कल्याणला, जावयाच्या मावशीकडं. कल्याण म्हटल्यावर आम्हाला आनंदीबाई जोशी आठवल्या, आणि ते आम्ही लेकीला मुद्दाम सांगितलं होतं. आनंदीबाई कल्याणच्याच, १८६५ साली जन्मलेल्या. नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी लग्न झालं. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून बोटीत बसली, नवरा सोबत नव्हता, आणि एप्रिलमध्ये निघून जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. तिथून पुढं फिलाडेल्फियाला स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात शिकली आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. रमाबाई मग तिकडंच दोन वर्षांवर राहिल्या, शहराशहरांत आगगाडीनं जाऊन भाषणं केली, इथल्या विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तकही लिहिलं. त्याच १८८६ साली जर्मनीत मोटारीचं पेटंट निघालं होतं. म्हणजे आपल्या या दोघी अमेरिकेतली मोठमोठी शहरं फिरल्या, तेव्हा तिकडच्या रस्त्यावर मोटार नव्हतीच. ताईंच्या पुतणीनं जे केलं ते एका अर्थी जुनंच आहे.

आता मुंबई. कल्याण ते सीएसएमटी लोकलचं साधं तिकीट १५ रुपये. चोपन्न किलोमीटर, १५ रुपये. आपल्याकडं एवढ्यात ऑटोवाला गावाबाहेर नेत नाही. लोकलमध्ये बायकांचे डबे वेगळे असतात, डब्यावर बाईचं चित्र असतं. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ पासून तर बायकांची आख्खी लोकल धावते. फर्स्ट क्लासच्या डब्यात चुकून चढलं तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड भरावा लागतो, म्हणून चढण्याआधी डब्यावरचं वाचायचं. सकाळी साडेआठ-नवाला मुंबईकडं जाणाऱ्या लोकलमध्ये नवख्यानं चढूच नये. अकरानंतर निघावं. हे मावशींनी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

पहिल्या दिवशी ठरवलं होतं घारापुरी. गेटवे ऑफ इंडियाला बोटीत बसायचं आणि लेणी पाहायची. सीएसएमटीला उतरले, बेस्टच्या बसनं गेटवेला गेले. बसमध्ये लेकीनं कंडक्टरला सांगितलं, एक फुल, एक हाफ. कंडक्टर म्हणाला, हाफ कोणाचं? ती म्हणाली, माझं, लेडीज. तो हसला आणि म्हणाला, ताई, ते एसटीत. इथं दोघांचं फुल. तिला फार लाजल्यासारखं झालं. चूक आमची. महिलांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून सुरू झालं ते एसटी महामंडळाच्या गाड्यांत. शहरातली बस वेगळी, रेल्वे वेगळी, मेट्रो वेगळी. आम्ही तिला नुसतं 'बसमध्ये हाफ' असं सांगून मोकळे झालो होतो.

दुसरी चूकही आमचीच. तो वार सोमवार होता. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेवर उभं राहून कळलं. गाडी केली असती तरी लेणी बंदच असती, पण त्या वेळी जावयाचा चेहरा उतरला, कारण बोट हीच त्याची हौस होती. मग लेकीनं एका पोलीसताईंना विचारलं, जवळ पाहण्यासारखं काय आहे? त्यांनी हातानं दाखवलं, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. चालत दहा मिनिटं. पूर्वी त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणायचे, १९२२ पासून ते लोकांना खुलं आहे. तिथं दोघं तीन तास होते. लेकीला जुन्या मूर्ती आवडल्या, जावयाला हत्यारं. संध्याकाळी मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसून सूर्य बुडताना पाहिला. शेंगदाणे १० रुपयांचे. समुद्र तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि ते सांगताना ती आमच्यासमोर बराच वेळ काही बोललीच नाही.

आणि मग परत येताना जे व्हायचं ते झालं. चर्चगेटहून लोकलनं दादरला आले. दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या बाजूला यायचं आणि कल्याणची फास्ट लोकल पकडायची. वेळ संध्याकाळची सात. मैत्रिणींनो, दादरची सातची गर्दी म्हणजे प्रकटदिनाला आपल्या मंदिराच्या रस्त्यावर असते तशी, फक्त ती गर्दी पळत असते. ती बायकांच्या डब्यासमोर उभी, तो पुढच्या डब्याशी. गाडी आली. तिला मागच्या बायकांनी आत ढकललंच. तो चढू शकला नाही. गाडी सुटली. तिला दारातून तो प्लॅटफॉर्मवर उभा दिसला.

आता ऐका. खिसेकापूंच्या भीतीनं त्यानं आपला मोबाइल आणि पाकीट तिच्या पर्समध्ये ठेवलं होतं. परतीची दोन्ही तिकिटं तिच्याचकडं. त्याच्याकडं फोन नाही, पैसा नाही, तिकीट नाही. मावशीच्या घराचा पत्ता त्याला पाठ नाही. आपण सगळ्या प्रवासात असंच करतो ना? एकाच्या पर्समध्ये सगळं.

ती रडायला लागली. डब्यातल्या बायका कामावरून घरी निघालेल्या. कोणी भाजी निवडत होत्या, कोणी डुलक्या घेत होत्या. एकीनं विचारलं काय झालं. मग चार जणी बोलायला लागल्या. एक म्हणाली, कल्याणपर्यंत जा, तो येईल मागून. दुसरी म्हणाली, परत दादरला जा. तिसरी म्हणाली, पोलिसांना फोन कर. लेक सांगते, त्या गोंधळात तिला वारकरी आजींचा नेम आठवला. जो पुढं गेला त्यानं थांबायचं. पुढचं स्टेशन कुर्ला. तिनं डोळे पुसले आणि सांगितलं, मी कुर्ल्याला उतरते. तर त्याच बायकांनी तिला दाराशी वाट करून दिली. त्यातली एक तिच्याबरोबर उतरलीसुद्धा. म्हणाली, माझी नंतरची गाडी आहे, थांबते थोडी. खरं तर तिचं घर डोंबिवलीला होतं. नंतरची गाडी कशाला असेल तिची?

दोघी त्याच प्लॅटफॉर्मवर, इंडिकेटरखाली, हलल्या नाहीत. एक फास्ट गाडी आली, त्यात तो नव्हता. दुसरी आली, त्यातही नाही. पंचवीस मिनिटं झाली. तिच्या मनात काय काय आलं ते तिनं आम्हाला सांगितलं, ते इथं सांगत नाही. तिसऱ्या गाडीतून तो उतरला. त्यालाही नेम आठवला होता. पण दोन गाड्यांत त्याला चढताच आलं नव्हतं.

त्या डोंबिवलीच्या ताईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आमचं हे बोलणं तिकडं कुठं पोहोचलं तर त्यांना आमच्या गटाचा नमस्कार.

रात्री मावशीकडं आल्यावर दोघांनी पैसे वाटून घेतले, फोन आपापल्या खिशात, आपापलं तिकीट आपापल्याकडं, आणि एका चिठ्ठीवर मावशीचा पत्ता व नंबर लिहून तो दोघांनी जवळ ठेवला. आम्ही आता गटातल्या प्रत्येक बाईला हे करायला लावतो. फोनची बॅटरी संपली की पाठ नंबर कोणालाच नसतो. अजून दोन नंबर लिहून घ्या. रेल्वेत काहीही अडचण आली तर १३९. बाईला कुठंही मदत हवी असेल तर १८१.

दुसऱ्या दिवशी ती दोघं सिद्धिविनायकाला गेली. येताना जमिनीखालच्या मेट्रोनं आली. ही मेट्रो आरे ते कफ परेड अशी ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आहे, सिद्धिविनायकाचं तिचं स्वतःचं स्टेशन आहे. तिकीट १० रुपयांपासून ७० पर्यंत. लेक म्हणाली, सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला लोकलपेक्षा जास्त भीती वाटली. साडीचा काठ वर धरायचा आणि पिवळ्या रेषेच्या आत पाय ठेवायचा, हे तिथल्या गार्डताईंनी शिकवलं.

मुंबईत एक गोष्ट ध्यानात ठेवा. सीएसएमटी, गेटवे, दादर या बाजूला ऑटोरिक्षा मिळतच नाही. तिथं काळीपिवळी टॅक्सी किंवा बस. ऑटो वांद्रे-सायनच्या पुढं. नवखं माणूस ऑटो शोधत उन्हात उभं राहतं.

कल्याणहून पुण्याला मात्र एसटीनं गेले. तिथं लेकीनं परत सांगितलं, एक फुल, एक हाफ, आणि या वेळी कंडक्टरनं मुकाट्यानं दिलं. खंडाळ्याचा घाट तिनं खिडकीशी बसून पाहिला. पुण्यात एका लॉजवर आधार कार्ड मागितलं. तिच्या आधारवर माहेरचं नाव, त्याच्यावर त्याचं. काउंटरवरचा माणूस दोघांकडं वरपासून खालपर्यंत पाहायला लागला. तिनं पिशवीतून लग्नाची पत्रिका काढून ठेवली. पत्रिका सोबत ठेवा, हे आमच्यातल्याच एका जावेनं सुचवलं होतं. खरं तर असं पाहायचं काही कारण नाही, पण वेळ निभावली. दुसऱ्या रात्री ती दोघं आळंदीला गेली. आपल्या संस्थानची शाखा तिथं आहे, भक्तनिवास आहे. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वरलाही आहे. घरच्यासारखं वाटलं म्हणाली.

पुण्यातली मेट्रो आता स्वारगेटपर्यंत जमिनीखालून जाते. मंडईला उतरलं की दगडूशेठचा गणपती चालत. आणि गणपतीच्या समोरच्या बाजूला भिडेवाड्याची जागा. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा तिथं काढली. जुना वाडा आता पाडला आहे, तिथं स्मारक व्हायचं आहे. लेकीनं तिथं उभं राहून एक फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला. मागं नुसते पत्रे आणि गर्दी दिसते. पण तो फोटो आमच्यात सगळ्यात जास्त जणींनी ठेवून घेतला.

घरी आल्यावर तिनं वही दाखवली. रोजचा खर्च लिहिलेला. सहा दिवसांचे सगळे मिळून ८,७४०. त्यात सासूबाईंना साडी आणि काकूंना स्टीलचा डबा धरून. काकूंनी कर्ज मे महिन्यापर्यंत फेडायचं ठरवलं आहे आणि दोन हप्ते भरलेही.

आता सगळं गोड गोड झालं असं समजू नका. सासूबाईंनी एकदा बोलून दाखवलंच, की आमच्या पोराला रेल्वेत धक्के खात नेलं. आमच्या गटातल्याच एका काकूंचं आजही मत आहे, की पहिल्या वेळी तरी गाडी करून द्यायला हवी होती, हौस एकदाच असते. त्यांच्याशी आमचा वाद अजून मिटलेला नाही. आणि आम्ही काही गाडीच्या विरोधात नाही. पोटुशी बाई असेल, म्हातारं माणूस असेल, रात्री शेवटची एसटी निघून जाते अशा गावाला जायचं असेल, तर गाडी करावीच लागते. तिथं पैशाकडं पाहू नये. पण मुंबईत गाडी नेली असती तर निम्मा वेळ सिग्नलवर आणि पार्किंग शोधण्यात गेला असता, हे जावई स्वतः सांगतो.

फेब्रुवारीत काकूंच्या डोळ्याचं निघालं. अकोल्याला डॉक्टरांना दाखवायचं होतं. काकांना कामावर जाणं भाग होतं, मुलगा पुण्याला, जावयाची पाळी. पूर्वी अशा वेळी काकू आठ-आठ दिवस थांबायच्या, कोणी मोकळं होईपर्यंत. या वेळी लेक सकाळी खामगावहून एसटीनं आली, अर्धं तिकीट काढून. आईला घेऊन स्टेशनवर गेली. काकू सवयीनं बाजूच्या बाकावर जाऊन बसल्या. लेकीनं त्यांना उठवून खिडकीपाशी नेलं आणि म्हणाली, "आई, पैसे तू दे. दोन अकोला म्हण." काकूंनी आधी इकडं तिकडं पाहिलं. मग म्हटलं.

हे ऐकल्यावर गटात जे व्हायचं ते झालं. मुंबई आपल्यालाही दाखव, म्हणून लेकीच्या मागं सगळ्या लागल्या आहेत. सात जणींचं नक्की झालं आहे. या खेपेला घारापुरी मंगळवारी ठेवली आहे. साठ दिवस आधीची तारीख येत्या गुरुवारी येते. शेगाव स्टेशनची आरक्षणाची खिडकी सकाळी आठला उघडते, आपण साडेसातला तिथं भेटायचं. ज्या सात जणी आहेत त्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स आणि सुटे पैसे आणावेत. फॉर्म प्रत्येकीनं आपापला भरायचा आहे. पेन दोन-तीन आम्ही आणू.